मोलकरणीच्या नावावर दुकान

बावीस वर्षं ती एकाच नाटक कंपनीत मोलकरणीची भूमिका करत होती. नाटकं बदलली, नायक बदलले, तिच्या हातातला झाडू काही सुटला नाही. सगळे तिला ठेंगू म्हणत आणि ती मुकाट्यानं ओ देई.

एके दिवशी वकिलाचं पत्र आलं. मूलबाळ नसलेल्या आत्यानं आपलं बटणं-दोऱ्यांचं दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या तिच्या नावावर केल्या होत्या. तिच्या दादाला ठेवलं होतं फक्त भिंतीवरचं घड्याळ. आत्या गुपचूप तिकीट काढून तिचे प्रयोग बघायची, हे तिला वकिलानं सांगितलं. ती तिथंच खुर्चीवर बसून रडली.

आठवड्याभरात सगळ्यांच्या जिभेवर साखर आली. पाच वर्षं तोंड न दाखवलेला दादा फळं घेऊन आला.

"छकुले, कोर्टकचेऱ्या तुला कुठं जमणार? इथं सही कर, बाकी मी बघतो."

दुसऱ्या अंकात तिला रोज लाथ मारून हाकलणारा नायक तर चक्क 'अहो-जाहो' करू लागला. "आपण दोघंही एकटे. लग्न करू या का?" खोटं कशाला, पन्नाशीतही तिच्या गालांवर लाली चढली. त्या दिवशी ती आरशासमोर जरा जास्तच रेंगाळली.

दोन दिवसांनी रंगपटात वेणी घालताना प्लायवुडच्या भिंतीपलीकडून नायकाचा आवाज आला.

"लग्न झालं की विकायला लावतो. अर्धं तुमचं."

"सही आधी घ्या," हा दादा. "ती भोळी आहे."

वेणी अर्धीच राहिली. ती तशीच पलीकडं गेली, दादाला हाताला धरून तालमीत आणलं, मागोमाग नायकही आला. तिनं दादाच्या खिशातला कागद काढून त्याच्याच हातात दिला.

"वाच. सगळ्यांना ऐकू दे."

"अगं, घरातली गोष्ट..."

"वाच म्हणते ना!"

दादा पुटपुटला, "मी स्वखुशीनं माझा सर्व हक्क..."

"मोठ्यानं! बावीस वर्षं मी शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज पोचवतेय, तुला एक ओळ जमत नाही?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. नायक दाराकडं सरकला.

"थांबा, नवरदेव. ती लाथ आजपासून बंद. मारायचीच असेल तर दुसरी मोलकरीण शोधा." मग ती कंपनीच्या मालकाकडं वळली. "आणि मला ठेंगू म्हणायचं नाही."

मालकानं नायकाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि पेन्सिलीनं संहितेतली लाथ खोडली. दादानं कागद चुरगळून खिशात कोंबला. तो पुढं वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण सही केली नाही.

त्या तालमीनंतरच्या सोमवारी तिनं दुकानाचं शटर उचललं. पहिल्याच बाईनं जांभळ्या रंगाची लेस मागितली. कुठल्या खणात काय आहे, तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"बसा हो," ती म्हणाली, "सगळे खण उघडते."