बंधू ओबेदचा रुमाल

रविवारी आमच्या मोका गावच्या चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. देवाच्या नावानं रोग बरे करतो म्हणवणाऱ्या बंधू ओबेदनं, एरवी ज्याचं रक्त थांबता थांबत नाही अशा एका पांढऱ्याफटक म्हाताऱ्याच्या बोटाला सुई टोचली, आपला लेसचा रुमाल त्यावर दाबला, शंभरपर्यंत आकडे मोजले. रक्त थांबलं! लोकांनी धडाधड गुडघे टेकले.

"पाहिलंत? रक्तातला सैतान माझ्या रुमालाला थरथर कापतो!" ओबेद गरजला. "आता योमाराची दाढ. इथेच उपटतो, पकडीनं!"

नऊ वर्षांची योमारा आईला चिकटली. पोर माझ्यासारखीच: कापसासारखे केस, उन्हात मिटणारे डोळे आणि एकदा लागलं की न थांबणारं रक्त. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, चढवून तिची दाढ काढायची होती. इथे चौकात काढली असती, तर तिच्या जिवावरच बेतलं असतं.

"मिग्दालिया, भानावर ये!" मी तिच्या आईला म्हटलं.

"बाई, तुमचं विज्ञान शाळेत ठेवा. इथे देव आहे."

"मग देवाला माझंही बोट बघू दे की!" मी माझ्याच सुईनं बोट टोचलं. "फक्त रुमाल माझा. घरी धुतलेला."

ओबेदचा चेहरा खर्रकन उतरला. "माझा मंतरलेला आहे..."

"का रे, तुझा सैतान रुमाल ओळखून घाबरतो होय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

माझ्या रुमालाखाली शंभर झाले, तीनशे झाले. रक्त आपलं गळतंच आहे. मग मी ओबेदचा रुमाल हिसकावला. चांगलाच कडक होता. आमच्याकडे बायका लेस विणतात आणि खळ घालून ती कडक करतात, म्हणून कुणाला संशय आला नव्हता. मी कोरडा कोपरा चाखला आणि मिग्दालियापुढे धरला. "तुझा जन्म लेस विणण्यात गेला. खळ अशी लागते?"

तिनं जीभ लावली. तोंड वाकडं झालं. "अगं बाई, ही तर तुरटी!"

"न्हाव्याकडची! सुईच्या जखमेचं रक्त थांबतं तिनं. दाढेच्या खड्ड्याचं नाही थांबत. आणि सैतान-बितान काही नाही. प्लेटलेटमध्ये बारीक दाणे असतात. जखम झाली की त्यांतला ऐवज बाहेर पडून बाकीच्या प्लेटलेटना गोळा करतो. आमच्यात ते दाणे जन्मापासूनच नीट घडत नाहीत. ज्या प्रथिनांनी ते घडतात, त्यांनीच केसांतले रंगाचे दाणेही घडतात, म्हणून आम्ही पांढरे. हे आईबापांकडून आलंय. पाप नाही!"

मिग्दालिया रडायला लागली. "बाई, उद्या किती वाजता?"

"सातला. मीही येते."

ओबेद पकड खिशात घालून सटकत होता. मला राग आवरेना. मी चौकाकडे वळले. "चमत्कार दाखवणाऱ्याला तोच खेळ तुमच्या सामानानं करायला लावा. आणि काही झालं तरी आपलं लेकरू त्याच्या हातात देऊ नका!"