मला रोज बिघडवतात

मी एक जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. नाव भारदस्त, काम साधं. आजूबाजूची हवा ओढायची, गाळायची आणि ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या नाकापर्यंत ऑक्सिजन पोचवायचा. आणि खरं सांगू मित्रांनो, मी फार दमलोय.

जन्म फॅक्टरीतला. तिथलं एवढंच आठवतं, की कुणीतरी पाठीवर 'पास'चा स्टिकर थापला. मग अकरा वर्षं इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनमध्ये घरोघरी राहिलो. कधी सोफ्याशेजारी, कधी पलंगाशी. एक आजीबाई टीव्ही लावला की मला टॉवेलनं झाकायच्या, माझी घरघर नको म्हणून. रात्री मात्र तीच घरघर थांबली की दचकून उठायच्या. कौतुक म्हणाल तर ते तेवढंच. पण दर तीन महिन्यांनी एक इंजिनियर यायचा आणि माझा फिल्टर बदलायचा. एकदाही चुकला नाही. तेव्हा मला त्याची किंमत कळली नव्हती.

पुढे माझ्यापेक्षा हलकी, आवाज न करणारी मशीन्स आली आणि माझी रवानगी तिथल्याच एका हॉस्पिटलच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये झाली. म्हटलं चला, सुटलो, आता भंगारात निवांत पडू. कसलं निवांत! तिथे पद्माकर होता.

पद्माकर नागपूरचा, वय पंचावन्न. हॉस्पिटलची मशीन्स दुरुस्त करायचा आणि शिकवायचाही. आखातातल्या एका श्रीमंत देशाचा मोठा निधी आहे. जगातल्या सगळ्यात गरीब देशांतल्या दवाखान्यांना तो मशीन्स भेट देतो आणि तिथली थोडी माणसं इथे दुरुस्ती शिकायला पाठवतो. शिकवायचं पद्माकरनं, शिकायचं माझ्यावर. क्लासच्या आधी हा शीळ घालत यायचा, माझं झाकण उघडायचा आणि काहीतरी बिघडवून ठेवायचा. एकदा नळीत कापूस. एकदा वायर सैल. एकदा तर माझ्यात काहीच केलं नव्हतं, नुसता भिंतीवरचा स्विच बंद! बारा जण तासभर माझी आतडी उपसत बसले आणि हा कोपऱ्यात चहा पीत खुदुखुदु हसतोय.

"काका, तुम्ही फार दुष्ट आहात," त्या बारा जणांतली चिसोमो म्हणाली. 'काका' हा शब्द तिला ऑफिसमधल्या स्वरालीनं शिकवला होता.

"दुष्ट तर दुष्ट. पण आता जन्मात विसरणार नाहीस. आधी भिंत बघायची, मग मशीन."

चिसोमो आफ्रिकेतल्या मलावीची. तिथल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. वॉर्डात माझ्यासारखी सात मशीन्स भेट आलेली, सातही बंद. न्यूमोनियाचं मूल आलं की साठ किलोमीटर लांब पाठवायचं. सगळी मुलं पोचत नाहीत, एवढंच ती बोलायची. तिला ती सात मशीन्स चालू करायची होती. हात तयार झाला होता. पण सुटे भाग?

"फंड मशीन देतो गं, पार्ट्स देत नाही," स्वरालीनं सांगितलं. पुण्याची ही मुलगी कोर्सची सगळी कागदपत्रं बघायची. "पुढच्या आठवड्यात त्यांच्या नूरा मॅडम येतायत. पोर्टवरून चाळीस नवीन मशीन्स जाणारेत तुमच्याकडे, त्याआधी कोर्स बघायला. तूच विचार त्यांना."

नूरा मॅडम आल्या. साठीच्या, शांत, डोक्यावरून काळी ओढणी. माझ्या शेजारी त्या चाळिसातलं एक चकचकीत मशीन मांडलं होतं, पुढे त्यांच्या देशाच्या नावाची पट्टी. चिसोमोनं धीर केला.

"मॅडम, नवीन थोडी कमी पाठवा. त्याऐवजी सुटे भाग द्या. आणि हा म्हातारा द्या. यावर मी अजून चार जणींना शिकवीन."

माझ्या छातीत एकदम जोरात घरघरलं. मलावी! ऊन!

नूरा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "माझे आजोबा मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचे. आम्ही तेव्हा गरीब होतो. लोक आम्हाला त्यांनी टाकलेलं द्यायचे. मी ते कुणाला देणार नाही. आमच्याकडून जाईल ते नवंच जाईल."

मला लागलं, पण बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी हौसेनं नव्या मशीनचं बटण दाबलं.

दोन मिनिटं झाली आणि पीं पीं पीं! लाल दिवा.

सगळ्या माना पद्माकरकडे वळल्या.

"काका, आजसुद्धा?" स्वराली मराठीत दात-ओठ खात म्हणाली. "आजचा एक दिवस तरी सोडायचा ना!"

"आईशप्पथ, मी नाही! हातसुद्धा लावला नाही याला!"

कोण विश्वास ठेवणार? सहा वर्षांची करणी होती ती. नव्या मशीनबरोबर आलेला कंपनीचा माणूस घाईघाईनं म्हणाला, "फॅक्टरीत परत पाठवतो. सहा आठवड्यांत होईल."

चिसोमो पुढे झाली. आधी भिंतीवरचा स्विच पाहिला. चालू. मग मागचं झाकण काढलं, आत हात घातला आणि फिल्टर बाहेर ओढला. त्यावरचं पारदर्शक प्लास्टिक कुणी काढलंच नव्हतं. तिनं ते टराटरा फाडलं, फिल्टर परत बसवला. दिवा हिरवा झाला. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"बघ! मी नव्हतो!" पद्माकर म्हणाला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे बाकीची एकोणचाळीसही अशीच असतील?" नूरा मॅडमनी विचारलं.

"असतीलही. आमची सातही असतील. उघडून बघणारं कुणी नव्हतंच." चिसोमोनं प्लास्टिकची घडी केली. "आणि मॅडम, तुम्ही नवं दिलंत तरी ते आमच्याकडे जुनं होतंच ना. मग आम्ही काय करायचं?"

मॅडमनी नव्या मशीनवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पस्तीस जातील. पाचांच्या जागी भाग. आणि तुझ्या चार जणी पुढच्या बॅचला इथे येतील." माझ्याबद्दल मात्र नियम तोच. जुना तो जुना.

जायच्या दिवशी चिसोमोनं ओल्या कपड्यानं मला पुसलं. "थकलास ना?" म्हणाली. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

महिन्यानं तिचा वर्कशॉपमध्ये फोन आला. पद्माकरनं स्पीकरवर टाकला. सातातली पाच चालू झाली होती. वॉर्डात एक मूल त्यातल्या एकावर झोपलं होतं. मागून घरघर ऐकू येत होती.

"शाब्बास! काय बिघडलं होतं?"

"तीन मशीन्सचे भाग बदलले. दोन मशीन्सना काहीच झालं नव्हतं, काका. फिल्टरवर प्लास्टिक होतं. तीन वर्षं."

पद्माकरला कशावरही हसू येतं. त्या दिवशी नाही आलं.

तर मित्रांनो, द्या, भरपूर द्या, चांगलं नवं द्या. पण कुणाला काही दिलंत तर वर्षभरानं एक फोन करा. 'चालतंय ना?' एवढंच विचारा. नाही म्हणाले तर फोन ठेवू नका. आणि मला विचाराल, तर चालतोय मी अजून. फक्त उद्या चिसोमोच्या चार जणी येतायत. आजचा दिवस माझं झाकण बंद राहू द्या.