डोंगरावरच्या म्हाताऱ्याचं पोतं

काळी पडलेली रोपं किकुची आजींनी ओंजळ भरून आणली आणि जयंतीमावशीच्या पुढ्यात टाकली. भांडणाला तोंड फुटलं ते तिथे.

"माज्या हातची रोपं हायती ती! उपटलीस का गं?"

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी. आजी तिच्याहून हातभर बुटक्या, पण आवाज तिच्याहून चढा. एकीची बोली खटावची, दुसरीची इवाते प्रांतातल्या डोंगराची. ती टोकियोच्या माणसालाही कळत नाही. तरी भांडण भाषेवाचून अडलं नाही. भांडणाला भाषा लागते असं ज्याला वाटतं, त्याने बांधावर उभं राहून बघावं.

मी मे महिन्याच्या सुट्टीत टोकियोतल्या ओजिमाहून इवातेत पाहुणा आलो होतो. माझा मावसभाऊ हेमचंद्र इथल्या संशोधन केंद्रात थंडीतल्या भातावर काम करतो. मावशी सुनेच्या बाळंतपणाला आली, आणि नातीचं बारसं झाल्याबरोबर तिचे हात मातीसाठी शिवशिवायला लागले. शेजारच्या किकुची आजींनी उतारावरचं आपलं एक वावर दाखवून दिलं. मावशीने अक्षय्य तृतीयेला, घरच्या रिवाजाप्रमाणे, आळी करून घरात वाढवलेली भोपळ्याची रोपं लावली. खटावात त्या दिवशी माती तव्यासारखी तापलेली असते. इथे चार रात्रींत दंव गोठलं आणि रोपं शिजवल्यासारखी झाली.

"आई, त्यांनी उपटली नाहीत, थंडीने मेली," हेमचंद्र म्हणाला. "त्या तुला सांगत होत्या म्हणे. डोंगराकडे बोट दाखवत होत्या."

"बोट दाखवलं तवा मी हात जोडलं की! मला वाटलं, द्येव हाय तिकडं."

देव नव्हता, म्हातारा होता. समोरच्या डोंगरावरचं बर्फ वितळत गेलं की मधला काळा खडक उघडा पडतो. आधी डोकं, मग वाकलेली पाठ, आणि शेवटी पाठीवरचं बियाण्याचं पोतं. पोतं पुरतं दिसल्याशिवाय त्या खोऱ्यात कुणी नाजूक बी मातीत टाकत नाही. मावशीने लावणी केली तेव्हा म्हाताऱ्याचं नुसतं टक्कल दिसत होतं.

मावशी डोंगराकडे बघत राहिली. मग मेलेली रोपं उचलून पदरात घेतली. "आगं मग मला हाताला धरून वढायचं हुतं. डोंगर काय दाखवतीस?"

आजींना हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. मावशीचे मागचे नव्हते. तिथून दोघींचं जमलं.

माणसांचा जमाखर्च मनात मांडायची मला खोड आहे. त्या वर्षी किकुची आजींच्या बाजूला जमा काहीच नव्हतं. भूकंपाला वर्ष उलटलं होतं. समुद्र उसळला तो किनारा त्यांच्यापासून लांब आणि त्या लाटेने फुटलेलं अणुकेंद्र त्याहून लांब. पण भाजीवर खोऱ्याचं नाव दिसलं की शहरातलं गिऱ्हाईक किरणोत्सर्गाच्या भीतीने हात मागे घेई. रानातल्या पाल्याचं खत घालायचं नाही असा हुकूम आला, तोही आजींनी पाळला. तरी गेल्या सालचा माल बांधावर कुजला. शहरात राहणाऱ्या मुलाने निर्वाणीचं सांगितलं होतं, औंदा माल कुणी खाल्ला नाही तर पुढच्या वसंतात कुदळ बंद. वावर पडीक टाकायचं.

मावशीला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापलेली भाकरी तिने परातीत आपटली. "चोर सोडून संन्याशाला सुळी! हिनं काय केलं? हिनं मुळाच लावला ना?" मग माझ्याकडे वळली. "तुमच्या त्या ओजिमात गनपती बसतोय न्हवं? रुषिपंचमीला भाजी कुठनं आनता रं?"

"सुपरमार्केटातून."

"आन् बायका ती उपासाला खात्यात? बैलाच्या कष्टाचं चालत नाही, ट्रॅक्टरचं चालतंय व्हय? हितं बघ. उभा उतार. बैल चढत न्हाई का यंत्र चढत न्हाई. समदं कुदळीवर. असली रुषीची भाजी तुमाला साऱ्या जपानात गावायची न्हाई."

मी ओजिमाला परतून मराठी मंडळाच्या दमयंतीताईंना सांगितलं. त्या टाळ्या वाजवून म्हणाल्या, "अय्या, ऑथेंटिक! सगळी भाजी आम्हालाच पाठवा." कुठून येणार, हे मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं होतं की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तिकडे दोन म्हाताऱ्यांची थंडीशी शर्यत लागली. खोऱ्यात उन्हाळा म्हणजे पाहुणा. पाणी पिऊन उठेपर्यंत निघाला. म्हाताऱ्याचं पोतं दिसल्यावर लावलेला भोपळा, मका, घेवडा, खटावहून आणलेल्या बियांचा माठ, सगळं गणपती यायच्या आत पिकायला हवं. वेल लांबायला लागला की आजी त्याचे शेंडे खुडत. मावशी पहिल्यांदा ओरडली, मग कळलं, पानं वाढवण्यात उन्हाळा घालवला तर फळाला उरत नाही. रात्री गार पडायला लागल्यावर मावशीने सुनेची जुनी पांघरुणं माठावर नेऊन घातली. सुनेने दुसऱ्या दिवशी नवी पांघरुणं फडताळात वर ठेवली.

पहिला भोपळा आजींनी किरणोत्सर्गाच्या तपासणीला नेला. त्यात काही निघालं नाही. तोच भोपळा मावशीने बाळंतिणीच्या ताटात वाढला.

गणपतीला मी मावशीला ओजिमाला घेऊन आलो. भाजीच्या पेट्या कुरिअरने आधीच येऊन सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीशी लागल्या होत्या. ऋषिपंचमीच्या सकाळी बघतो तो त्या तशाच, चिकटपट्टीसुद्धा न काढलेल्या. शेजारी सुपरमार्केटच्या पिशव्या.

दमयंतीताई पुढे आल्या. "मावशी, गैरसमज नको हं. पेटीवरचा पत्ता वाचला आणि सगळ्या म्हणाल्या, नको. घरात लहान मुलं आहेत. पैशांची काळजी करू नका, ते पूर्ण देतो."

"भाजीचं काय करनार?"

"ती… बघू. कचऱ्याचा दिवस परवा आहे."

मावशीचा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. चढला की भीती नसते. तो त्या दिवशी खाली गेला.

"भाजी कचऱ्यात आन् पैसं माज्या हातात. मी भीक मागाया आलीया का गं तुज्या दारात? माजी सून बाळंतीन हाय, तिनं ह्योच भोपळा खाल्लाय, तपासूनशान. तरीबी तुमच्या लेकरांना देऊ नगा. आईचं भ्या मला कळतंय, त्याला मी हासत न्हाई. पर तुमाला ठावं हुतं ना कुटली भाजी ती? तवा टाळ्या वाजीवल्या. मदी एकदा फोन करून 'नगं' म्हनायचं हुतं. तिकडं एक म्हातारी कंबर मोडूस्तवर राबली, मी तिला सांगितलंय, समदं खपलं म्हनून. रुषीला बैलाचं कष्ट चालत न्हाईत, हे मला म्हाईत हाय. मानसाचं बी चालत न्हाईत, हे तुमच्याकडनं शिकली."

मावशीने चिकटपट्टी दातांनी तोडली, विळी मागितली. कुणी देईना तेव्हा हॉलच्या फडताळातली सुरी काढली. भोपळा चिरला, कणसाचे तुकडे केले, माठ निवडला, तेलाचा थेंब न घालता पातेलं चढवलं. वास सुटला तशी गणपतीपुढली माणसं उगाच इकडून तिकडे जायला लागली. मावशीने नैवेद्य दाखवला, एकच ताट वाढून घेतलं आणि भुईवर बसून एकटीच जेवू लागली. मी शेजारी बसलो, पण मला वाढलं नाही. मीही त्याच गावचा राहणारा होतो ना.

तेवढ्यात मंडळातल्या वृंदाच्या सासूबाई काठी टेकत उठल्या. पुण्याच्या, लग्नापासून हे व्रत धरलेल्या. सुपरमार्केटच्या पिशवीतलं कणीस हातात घेऊन त्यांनी विचारलं, "दमयंती, हे कुणी पिकवलं गं? कशानं नांगरलं?"

"ते कसं कळणार, काकू?"

"हिला कळतंय." त्यांनी कणीस ठेवलं आणि मावशीसमोर मांडी घातली. "वाढा हो बाई. माझ्या हाडांना आता कशाचं भय?"

मग दुसरी सासू उठली, मग कुणाची तरी आई. तरण्या बायका मुलं घेऊन कडेला उभ्या राहिल्या. मावशीने त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. पातेलं म्हाताऱ्यांनीच पुसून खाल्लं. मी त्या पंगतीचा फोटो हेमचंद्रला पाठवला, त्याने तो आजींना नेऊन दाखवला. आजींनी फोटोतली तोंडं एकेक करून बघितली आणि विचारलं म्हणे, "एवढ्या जणी बोळक्या? मग मका कसा चावला?"

आपल्या शहरातल्या मुलाला मात्र त्यांनी तो फोटो दोनदा दाखवला.

मावशी खटावला परतली. पुढल्या वसंतात दमयंतीताईंनी मला जिन्यात गाठलं. "यंदाही येईल ना हो भाजी? सासूबाई मागे लागल्यात." मी फोनवर निरोप पोचवला.

"तिला म्हनावं, तितं जा, चार दीस कुदळ मार, आन् मग माग," मावशी कडाडली. राग हिवाळाभर मुरून लोणच्यासारखा झाला होता. "त्ये ऱ्हाऊ दे. आज सकाळी हेमानं डोंगराचा फोटू धाडलाय. बगितलास का?"

"बघितला. म्हातारा दिसायला लागलाय."

"पाठ दिसतीया नुसती. पोतं कुटं हाय? किकुचीला आत्ताच्या आत्ता सांग, बियाला हात लावशील तर बग. मागल्या साली मला शिकवत हुती!"