दोन विरुद्ध एक

जावईबापू दोन विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरले. पण ते अजून घडलेलंच नाही असं धरून चालू.

जावईबापू म्हणजे आमच्या सरकारी फार्मचा वळू. वजन नऊशे किलो. काम आठवड्यातून तीन दिवस, बाकी वेळ खाणं आणि फुगून बसणं, म्हणून हे नाव. आसपासच्या गायी त्याच्याकडे येतात. यंदा गाभण म्हणून घरी जात होत्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा माजावर. माझ्या मावशीच्या सातच्या सात गायी अशा उलटल्या. फार्मच्या मोठ्या डॉक्टरांनी वळूकडे पाहिलं, तो तुकतुकीत होता, म्हणून गायींच्या कार्डांवर ‘वांझ’ असा शेरा मारला. शुक्रवारी ट्रक त्यांना न्यायला येणार होता. कुठे, ते कुणी विचारत नाही.

मी त्यांच्या हाताखालचा, पण माझा संशय वेगळा. एक जंतू असतो, वळूच्या लिंगावरच्या कातडीत बिनभाड्याने राहतो. वळूला ढिम्म काही होत नाही, गायीचा गर्भ मात्र टिकत नाही. गायीला सहाएक महिने वळूपासून लांब ठेवलं तर ती बहुधा आपोआप बरी होते. तपासायचं तर त्या कातडीत खारं पाणी सोडायचं, तिचं तोंड मुठीत आवळून चोळायचं आणि पाणी बाटलीत परत घ्यायचं. हे काम माझं. घरी विचारलं तर मी सांगतो, कागदपत्रं बघतो.

जंतू नाजूक. सहा तासांत प्रयोगशाळेत पोचला नाही की खलास. आणि आमच्याकडे आवक क्रमांक पडल्याशिवाय बाटली हलत नाही. पहिल्या दोन बाटल्या आवकच्या बाईंच्या खिडकीत दोन-दोन दिवस ऊन खात बसल्या. दोन्ही अहवाल एकच: आढळला नाही.

“जिवंत असता तर आढळला असता,” मी म्हणालो.

“मग त्याला दम धरायला सांगा,” बाई म्हणाल्या. “इथे माणसं धरतात.”

तिसरी बाटली मी शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि मोटरसायकलला किक मारली. चौकात हवालदाराने विचारलं, आत काय. मी सांगितलं. त्याने दोन पावलं मागे सरून जाऊ दिलं.

जंतू उगवून दिसायला चार दिवस लागतात. चार दिवस मी बसलो नाही. जेवलो उभ्याने, दाढी केली फिरत.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “गाय माजावर आली की असंच करते ना?”

गुरुवारी अहवाल आला: आढळला. मोठ्या डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारीशेजारी मांडले.

“दोन नाही म्हणतात, एक हो म्हणतो.”

“सर, हे मतदान नाही.”

“तिसऱ्याला तर आवक क्रमांकही नाही. तरी मी तो मोजला, उपकार समज.”

तिथून थेट मावशीकडे. ती गोठा धूत होती.

“मावशी, गायी देऊ नकोस. दोष जावयाचा आहे.”

“जावयाचा दोष कागदावर कुणी दिलाय?”

“कागद आहे. क्रमांक नाही.”

“वांझ शेरा पडल्यापासून दूध संघाने खाद्य बंद केलंय. सहा महिने सात जणींना काय घालू, तुझं डोकं?” ती खराटा टेकवून उभी राहिली. “शेरा खोडून आण. उद्या दहाच्या आत. मग एकीलाही हलू देत नाही.”

मी परत ऑफिसात पोचलो तेव्हा बंद व्हायला वीस मिनिटं होती. डॉक्टर चपला शोधत होते. आवकच्या खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून मी लिहिलं:

विषय: सात गायींवरील शेऱ्याबाबत.

महोदय, सदर गायी वांझ नसून आपल्याच वळूमुळे आजारी आहेत. तरी त्यांना सहा महिन्यांची खाद्यासह वैद्यकीय रजा मंजूर करावी, शेरा आपण स्वतःच्या हाताने आजच खोडावा, आणि उद्याच्या ट्रकला रिकामे परत जाण्याचा लेखी आदेश द्यावा, ही नम्र विनंती.