नाथाजी तांबटाच्या मुशीत

७ फेब्रुवारी १९४४, सोमवार. पहाटे दहिवर पडले होते, नऊनंतर स्वच्छ ऊन. वारा नव्हता.

मी त्या दिवशी घागर होते. शिरवळात नाथाजी तांबटाच्या अंगणात रंगूबाईंनी मला मांडीवर धरले होते. माझ्या बुडाला चीर गेली होती आणि ती बुजवायला दिलेला डाग टिकत नव्हता. वैशाखात त्यांच्या विजयमालेचे लग्न होते. लेकीला तांब्याचे भांडे द्यायची रीत, पण लढाईमुळे बाजारात तांबे मिळत नव्हते. मला वितळवणे एवढाच उपाय होता.

माझ्या गळ्यावर रंगूबाईंच्या वारलेल्या आईचे नाव कोरलेले होते, मनुबाई.

"पाणी गळतंय, पर तुमची माया काय गळत न्हाई," नाथाजी म्हणाला. "सोडा की काकी."

"आईचं एवढंच ऱ्हायलंय रं. हे गेलं तर तिला कुठं हुडकू?"

मलाही तीच धास्ती होती. गळा, पोट आणि ते नाव, एवढीच मी, असे मी तीस वर्षे समजत होते.

नाथाजीने भाता थांबवला. "मनुबाई हे सासरचं नाव. माहेरी काय म्हणायचे?"

"तानी."

"आन तुमास्नी?"

"सखू. लग्नात रंगू ठेवलं."

"मग सखू मेली म्हणायची?"

"मरतीय कशाला? तव्यावर हात पोळला तर अजून सखूच वरडतीय," रंगूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग माझ्या गळ्यावरच्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. मनुबाई की तानी, आपण नेमके कुणाला जपतो आहोत, हे बहुधा पाहत असाव्यात. शेवटी त्यांनी मला त्याच्यापुढे ठेवले. "घाल मुशीत."

बुधवारी मी वितळले. आधी गळा गेला, नाव गेले, मग पोट. मी संपण्याची वाट पाहत राहिले, आणि वाट पाहणारी काही संपेना. जळण्यात थोडी घट येते म्हणून नाथाजीने गावच्या रामगोंडा पाटलांनी मोडीत दिलेले तांब्याचे तपेले वरून टाकले. क्षणभर वाटले, हा कोण परका? तोवर परके म्हणायला दुसरे कुणी उरलेच नव्हते. इतके निवांत मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

आठ दिवस हातोडी चालली. एक कळशी झाली. उरलेल्यात एक तांब्या.

"नाव काय घालू? विजयमालाच?" नाथाजीने विचारले.

"तिचं नाव सासू काय ठेवील कुणाला ठावं. ऱ्हाऊ दे."

आता कळशी होऊन मी रोज विजयमालेच्या सासरी, कवठे महांकाळच्या विहिरीवर जाते आणि त्याच वेळी तांब्या होऊन शिरवळात रंगूबाईंच्या उशाशी असते. दोन्हीकडचे पाणी गार लागते. तुम्ही कधी आपले नाव सांगताना अडखळलात, तर घाबरू नका.

४ मे १९४४, गुरुवार. कडक ऊन, दुपारी वावटळ. लग्न लागले. कळशी कवठे महांकाळला गेली, तांब्या शिरवळात राहिला. दोन्हींवर नाव नाही. विजयमालेचे सासरचे नाव गुणवंता ठेवले.