आई झोपली आहे

सुट्टीसाठी घेतलेल्या कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, चार रात्री काढल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, की आज दुपारी मला सलग तीन तास झोप मिळाली नाही तर मी एकटी घरी निघून जाईन, आणि जाताना गाडी घेऊन जाईन. आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून गेथिनला ते खरं वाटलं.

आमची दोन पोरं, सहा वर्षांचा इद्रिस आणि चार वर्षांची माब्ली, त्या पत्र्याच्या डब्यात पहाटे पाचला उठायची. एका टोकाला कोणी कूस बदलली की दुसऱ्या टोकाला कपबशा वाजायच्या. त्यात वेल्सचा जुलै, म्हणजे रात्रभर छपरावर पावसाचा ताशा.

"चला रे समुद्रावर," गेथिन म्हणाला. "आईला उठवलं तर आपली काही धडगत नाही."

"मारेल?" इद्रिसने विचारलं.

"मारणार नाही. गाडी घेऊन जाईल."

माब्लीचा चेहराच पडला. बादल्या, फावडी आणि वारा अडवायचं कापड घेऊन तिघं गेली, आणि एकच्या ठोक्याला मी आडवी झाले.

पुढचं मला नंतर कळलं. वीस मिनिटांत पाऊस आला. आमच्याकडे पावसाला घाबरून समुद्रावरून कोणी उठत नाही, वाळू लागलेली सँडविचेस चावत बसतात. पण माब्लीचे ओठ निळे पडले तेव्हा गेथिनने हार मानली. बूट हातात घेऊन तिघं चोरपावलांनी कॅराव्हॅनमध्ये शिरली. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून दणदणीत घोरणं ऐकू येत होतं.

"बिचारी, किती दमली होती," गेथिन कुजबुजला.

ओटा लख्ख होता. त्याला वाटलं, झोपायच्या आधी मी आवरलं असणार. आठ वर्षं संसार करून या माणसाला असं वाटलं.

आणि मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. तीन तास दोन्ही पोरांना गप्प ठेवलं. फ्रिजमधले सॉसेज मंद आचेवर तळले, कुजबुजत गोष्टी सांगितल्या. इद्रिसने तोंड उघडलं की हा खोलीच्या दाराकडे बोट दाखवायचा: "शू! आई उठली तर संपलंच सगळं. जागचं हलायचं नाही."

मला आपोआप जाग आली तेव्हा पाच वाजले होते. चार तास! इतकं बरं वाटत होतं की मी स्वतःशीच हसले. मग लक्षात आलं, पाऊस धो धो कोसळतोय आणि घरात कोणीच नाही. खिडकीतून समुद्रकिनारा दिसत होता, तिथेही चिटपाखरू नव्हतं. गाऊनवरच गेथिनचे रबरी बूट चढवून मी धावत सुटले.

आमच्या तळावर साठ कॅराव्हॅन, सगळ्या साईच्या रंगाच्या, सगळ्यांना हिरवा पट्टा, सगळ्यांना शिंपल्यांच्या छापाचे तेच पडदे. आमच्या मागच्याच रांगेत एका खिडकीतून मला माझा नवरा दिसला. तो माझ्या मुलीला टोस्ट आवाज न करता कसा चावायचा ते शिकवत होता.

मी दार उघडलं. गेथिनने माझ्याकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे, मग परत माझ्याकडे.

"तू इथे," तो कसाबसा म्हणाला, "मग आत कोण घोरत होतं?"

खोलीचं दार चार बोटं उघडलं. फटीत बनियनमधले एक म्हातारे गृहस्थ दिसले, गरम पाण्याची पिशवी छातीशी घट्ट धरलेले.

"मी प्रॉसर," ते अगदी हळू म्हणाले. "ही कॅराव्हॅन माझी. तासभर झाला जागा आहे. सॉसेजही माझेच, वासावरून ओळखले. पण हे सारखे बजावत होते, आई उठली तर संपलंच. म्हटलं, उगाच कशाला?" त्यांनी मला नीट न्याहाळलं. "बाई, त्या आई तुम्हीच का?"

"हो," मी म्हणाले. लाजेने माझे कान तापले होते.

"उठलात ना आता?"

"उठले."

"मग मी बाथरूमला जाऊन येऊ?"

"जा ना," मी म्हणाले.

"पाय वाजवू नका हं," माब्लीने त्यांना कुजबुजून बजावलं.

आणि ते बिचारे खरंच चवड्यांवर चालत गेले.