आतल्या कप्प्यातली तिकिटं

मी एक जुनी फाईल आहे. निळी, प्लास्टिकची, बटणाने बंद होणारी. आता माझं बटण नीट बसत नाही आणि कोपरे पांढरे पडलेत. मित्रांनो, कुवेतमधल्या मंगफच्या एका फ्लॅटमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. आठवतो तो खालचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. तिथे नूरुद्दीन अब्बांनी माझं बटण चार वेळा उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाले, "ही टिकेल."

अब्बा मूळचे दाभोळचे. उमेदीची तीस वर्षं ते कुवेत शहरातल्या एका कंपनीत होते. कामगारांचे पासपोर्ट गोळा करायचे, प्रत्येकाच्या इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, फी भरून शिक्का आणायचा, हे त्यांचं काम. एकाचीही तारीख त्यांनी चुकू दिली नाही. निवृत्त होऊन ते गावी गेले. पुढे बायको वारली, घर खायला उठलं, तेव्हा मुलाने, काशिफने, त्यांना आपल्याकडे आणलं. आता दरवर्षी त्यांच्या स्वतःच्या इकाम्याची फी आणि विम्याचे पैसे भरायचे होते. ते कागद सांभाळायला मी.

सुरुवातीची वर्षं माझ्या मानाची होती. इस्त्रीचा शर्ट घालून, मला काखेत धरून अब्बा सरकारी कार्यालयात जात. भिंतीजवळच्या यंत्रात नोटा घालत. तेवढ्या फीची सरकारी तिकिटं बाहेर आली की ती अर्जावर चिकटवून खिडकीवर देत. सून रबिया पाहुण्यांना सांगायची, "आमच्या अब्बांच्या फाईलमधून कागद हरवणं शक्य नाही."

मग ही कामं फोनवर गेली.

"अब्बा, तुम्ही बसा. दोन मिनिटांत मी भरते," रबिया म्हणाली.

"फोनकडे पोच कोण मागणार गो? तीस वरसं लोकांचे इकामे मी केले. माझा मला जमत नाय?"

काशिफ हसला. "राहू दे रबिया. या कामात अब्बांना कोण शिकवणार?"

त्याच आठवड्यात अब्बांच्या हातून गॅस उघडा राहिला. लहानगी माहीन शेजारच्या खोलीत खेळत होती. रबिया घाबरली, आणि घाबरलेलं माणूस बोलतं तशी बोलली. "आता कशालाच हात लावू नका, अब्बा. माझ्या मुलीच्या जिवाशी खेळ नको."

अब्बांनी मान खाली घातली.

दोन दिवसांनी ते मला घेऊन एकटेच बसने गेले. यंत्र होतं. त्यांनी नोटा घातल्या, तिकिटं आली. खिडकीतल्या तरुणाने मात्र ती परत सरकवली. "हज्जी, यासाठी ही चालत नाहीत. फोनवरून भरा." बोलला तो अदबीनेच. अब्बा बाकावर येऊन बसले. मग त्यांनी तिकिटं माझ्या आतल्या कप्प्यात सारली आणि बटण लावलं.

"झालं का, अब्बा?" जेवताना काशिफने विचारलं.

"झालं."

काशिफच्या फोनवर इकाम्याच्या मुदतीबद्दल अरबीत सूचना येत राहिल्या. अब्बांनी भरलंय, असं म्हणून तो त्या पुसत राहिला. मला सगळं ठाऊक होतं. पण फाईलला आपलं आपण उघडता येत नाही. दर चार-सहा दिवसांनी अब्बा मला खाली काढत, मांडीवर ठेवत आणि न उघडताच परत ठेवत.

चार महिन्यांनी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी जीव वाचवला. पण त्यांचं ओळखपत्र तपासताना कळलं की इकामा केव्हाच संपलाय आणि विमाही. रबियाने कागदांसाठी मला सोबत आणलं होतं; तिथेच, हॉस्पिटलच्या खुर्चीवर, तिने मला मांडीवर रिकामं केलं. तिकिटं सापडली. सगळी कोरी, एकही न चिकटवलेली.

"मला का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

अब्बा माहीनकडे पाहत म्हणाले, "गॅसचं झालं, त्यात हे कसं सांगू?"

काशिफने खूप खेटे घातले. पण संपलेला इकामा पुन्हा चालू होईना; दंड भरून देश सोडणं, एवढंच अब्बांच्या हाती राहिलं. अब्बा दाभोळला एकटे परतले. माहीन विमानतळावर आजोबांबद्दल विचारत होती, "दादा कमिंग बॅक व्हेन?"

आता रोज संध्याकाळी रबिया व्हिडिओ कॉल लावते. मी तिच्याजवळच टेबलावर असते. माझ्यात आता माहीनचे कागद असतात, आणि त्यांच्या तारखा रबिया पुन्हा पुन्हा तपासते.

"औषध घेतलंत?"

"घेतलं."

"पाकीट दाखवा ना, अब्बा."

मग पलीकडचा फोन हलतो. कधी छत दिसतं, कधी फिरता पंखा. पाकीट दिसत नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. घरातली म्हातारी माणसं सगळी कामं चोख करत आली असतील, तरी वर्षातून एकदा त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्यासमोर फाईल उघडा, एकेक कागद त्यांनाच वाचायला लावा. चूक निघाली तर आवाज चढवू नका. ती तुमच्याजवळ बोलून दाखवता यावी, एवढी जागा त्यांना तुमच्या घरात ठेवा.